बारा उघड्या, बारा झाकलेल्या

१२ डिसेंबर १९८३

दिघे बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे रजिस्टरमध्ये लिहिताना हात अडखळणार नाही. म्हणून ही वही. रजिस्टर बाईंचं, ही माझी. ही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

मी देवजी. जव्हारला आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचं काम बघतो. म्हणजे बरण्या धुतो, स्टो पेटवतो, तासाला लागेल ते सामान मांडतो. सहा वर्षं झाली, अजून रोजंदारीवरच. आईबाप जामसरला दुसऱ्याच्या भातशेतीवर राबतात. आमच्या घरात नाव लिहिता येणारा मी पहिला. हेडसर म्हणतात, या वर्षी तुझं कायम होण्याचं काम मोखाड्याला साहेबांच्या टेबलावर आहे, नीट वाग.

दिघे बाई मुंबईच्या. कॉलेजात शिकवतात आणि मोठ्या पदवीसाठी संशोधन करतात. आज जीप घेऊन आल्या. जव्हार उंचावर आहे, हवा स्वच्छ, हिवाळ्यात ढग नाही, म्हणून शाळेची गच्ची त्यांना प्रयोगाला पाहिजे. काचेच्या नळ्या तोंडं बंद करून आणल्या होत्या. घाटातल्या धक्क्यांनी जवळजवळ सगळ्या फुटल्या. पेटी उघडली तर आत हिरवट पाणी आणि काचा. बाई पायरीवर बसल्या.

कोऱ्या नळ्या दुसऱ्या पेटीत होत्या, त्या वाचल्या. पण तोंडं कोण बंद करणार? मी गुलामचाचांचं नाव सांगितलं.

१४ डिसेंबर

गुलामचाचांचं बाजारात स्टो आणि बत्त्या दुरुस्त करायचं दुकान आहे. पण तरुणपणी ते मुंबईला इंजेक्शनच्या कुप्या बनवायच्या कारखान्यात होते. ज्योतीवर कुपीचं तोंड धरायचं, काच वितळली की ओढून बंद करायचं, आठ वर्षं हेच काम. आता साठीच्या पुढे आहेत. पेला उचलताना हात थरथरतो. बाईंनी तो हात बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मग चाचांनी ब्लोलॅम्प पेटवला, नळी ज्योतीत धरली, आणि थरथर कुठे गेली कळलं नाही.

दोन दिवस काम चाललं. मी पाणी तासभर उकळायचो, त्यातली हवा जावी म्हणून. मग त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, आणि चिमूटभर सोडा. बाई सिलिंडरमधून नत्रवायूचे बुडबुडे सोडायच्या. चाचा तोंड बंद करायचे. त्यांची मुलगी बिलकीस नंबर चिकटवायची. ती यंदा दहावीला आहे, आमच्याच शाळेत. अशा चोवीस नळ्या झाल्या. पाणी काचेसारखं स्वच्छ, जरासं हिरवं.

दुपारी जेवताना मी विचारलं, हे सगळं कशासाठी.

बाई म्हणाल्या, "तीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रासाठी."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्या समजावून सांगायला लागल्या. तेव्हा हवेत प्राणवायू नव्हता. झाड नाही, जनावर नाही. समुद्रात लोखंड विरघळलेलं, या नळीतल्यासारखं.

"मग लोखंड गंजत नसेल," मी म्हणालो. सातवीच्या पुस्तकात आहे, गंजायला हवा लागते.

बाईंनी जेवण थांबवलं. "तोच प्रश्न आहे, देवजी. गंजलेलं आहे. त्या काळचे खडक सापडतात, लाल पट्ट्यापट्ट्यांचे. प्राणवायू नव्हता तर हा गंज आला कुठून? माझे सर म्हणतात, पाण्यात बारीक जीव झाले, त्यांनी प्राणवायू सोडला, म्हणून गंज. मला वाटतं, नुसतं ऊन पुरेसं असेल. तेव्हाचं ऊन फार तिखट होतं, वर अडवायला काही नव्हतं. उन्हानेच लोखंड गंजून खाली बसलं असेल. सर म्हणतात, हे तुझं स्वप्न आहे."

त्यातून पाण्यातला कुठला तरी हलका वायू सुटेल असंही काहीतरी म्हणाल्या, पण तेव्हा मी स्टोला पिन मारत होतो.

चाचांनी विचारलं, "तेव्हा बघायला कोण होतं, बाई?"

"कोणी नव्हतं."

"मग आता भांडण कशाला?" चाचा म्हणाले. बाई हसल्या. मला दोघांचंही पटलं, म्हणून आणखीच गोंधळ झाला.

१५ डिसेंबर

बाई गेल्या. बारा नळ्या उघड्या उन्हात, बारा काळ्या कागदात आणि वरून काळ्या कापडात. सगळ्या गच्चीवर एका ओळीत. नियम दोन. रोज सकाळी दहाला उघड्या नळ्यांचा रंग रजिस्टरमध्ये लिहायचा. झाकलेल्यांचं कापड बाई येईपर्यंत सोडायचं नाही, काही झालं तरी.

हेडसर म्हणाले, "बाईंनी तुझ्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिल्या तर मोखाड्याचं काम सोपं होईल. काही बिघडवलंस तर मी जबाबदार नाही."

१९ डिसेंबर

बदल नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, बदल नाही.

२४ डिसेंबर

आज चार नंबरच्या नळीत तळाशी पिवळसर दिसलं. चहा सांडलेला कपडा धुतल्यावर राहतो तेवढंच. मी नळी आकाशाकडे धरली, भिंतीकडे धरली. एकदा दिसतं, एकदा दिसत नाही.

मला भीती वाटली. चार नंबरची नळी मी स्वतः धुतली होती. शेवटी साबण लावला होता का, आठवत नाही. पाणी नीट उकळलं होतं का? मधे घंटा द्यायला गेलो होतो, तेव्हा स्टो मंदावला होता.

रजिस्टरमध्ये लिहिलं, बदल नाही. उद्या नीट दिसलं तर लिहीन.

२७ डिसेंबर

चार, सात आणि नऊ. आता भास नाही. पण कालपर्यंत मी "बदल नाही" लिहिलं आहे. आज एकदम तीन नळ्यांचं लिहिलं तर बाई विचारतील, काल काय करत होतास. लिहिलं नाही.

८ जानेवारी १९८४

बाराच्या बारा. हिरवेपणा कमी, पिवळेपणा जास्त. सगळ्याच माझ्या हातून बिघडल्या असतील तर पाणीच बिघडलं असणार. पाणी मी उकळलं. दुसरं कोण?

माझी बायको सकू म्हणाली, "काय झालांय तुला? भाकर तशीच ठेवलीस."

सांगितलं. ती म्हणाली, "मंग लिव ना तसां. पिवळां झालां तं पिवळां लिव."

तिला सोपं वाटतं. तिला रजिस्टर म्हणजे काय ते माहीत नाही. सही असते त्यावर.

३० जानेवारी

बाईंचं कार्ड आलं. "सगळं ठीक ना? काही बदल?" उत्तर लिहिलं, सर्व ठीक आहे, बदल नाही. पेटीत टाकलं. टाकल्यावर पेटीच्या फटीत बोटं घालून बघितली. कार्ड लागलं नाही.

११ फेब्रुवारी

तळाशी तांबूस गाळ बसलाय. नळी हलवली की धुळीसारखा उठतो, परत बसतो. दिसायला चांगला दिसतो. हे लिहायला लाज वाटते, पण दिसतो.

२० फेब्रुवारी

हेडसर गच्चीवर टाकी बघायला चढले. नळ्यांपाशी थांबले. म्हणाले, "हे लाल कधी झालं?"

मी म्हणालो, "आजच दिसलं, सर."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले असं मला वाटलं. कदाचित ऊन डोळ्यांवर आलं असेल. म्हणाले, ताबडतोब बाईंना कळव. रजिस्टरमध्ये लिहिलं, "१८ पर्यंत बदल नाही. १९ ला रविवार. आज सर्व बारा नळ्या तांबूस, तळाशी गाळ." बाईंनाही तसंच कळवलं. एकदाचं सगळं लिहून झालं. आता जे व्हायचं ते होईल.

८ मार्च

बाईंचं पत्र आलं. मोठं आहे. महत्त्वाचं उतरवून ठेवतो.

"देवजी, दोन महिने काही नाही आणि दोन दिवसांत बाराच्या बारा लाल, याचा अर्थ एकच होतो. उन्हाने झालं असतं तर हळूहळू, दिवसादिवसाने झालं असतं. एकदम झालं म्हणजे थंडी जाऊन ऊन वाढलं तेव्हा नळ्यांची तोंडं तडकली आणि हवा आत गेली. झाकलेल्याही त्याच हाताच्या आहेत, त्यांचाही भरवसा नाही. सरांना सांगावं लागलं. ते म्हणाले, गावातल्या स्टोवाल्याकडून नळ्या बंद करून घेऊन कोणी विज्ञान करतं का. वर्ष वाया गेलं. सगळं पाणी ओतून द्या, नळ्या मी मे महिन्यात नेईन. तुमची यात काही चूक नाही. रजिस्टर तुम्ही फार मनापासून ठेवलंत. हेडसरांना तसं वेगळं लिहिते आहे."

पत्र तीनदा वाचलं. माझी चूक नाही. पाणी नीट उकळलं होतं, नळ्या नीट धुतल्या होत्या. छातीवरचा दगड गेला. सकूला सांगितलं, बाईंनी माझं कौतुक लिहिलंय. ती चूल फुंकत राहिली.

तोंडं तडकली हे मला दिसलं कसं नाही, ते मात्र समजत नाही. मी रोज बघत होतो.

१० मार्च

हेडसर बाजारात गेले आणि चाचांना दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मी सोबत होतो. "गुलामभाई, तुमच्या कामामुळे त्या बाईंचं वर्ष फुकट गेलं. वयाप्रमाणे काम घ्यावं."

चाचांनी हातातली बत्ती खाली ठेवली. "सगळ्या गळाल्या?"

"सगळ्या."

"अच्छा," चाचा म्हणाले. एवढंच. मग हात पुसायला लागले. हात आधीच स्वच्छ होते.

१८ मार्च

काल शिमगा झाला. सकू जामसरला गेली. मीही जाणार होतो, पण गेलो नाही. जाऊन करमलं नसतं. का ते सांगता येत नाही. माझ्यावर तर काही आलेलं नाही.

२२ मार्च

चाचा गच्चीवर आले. सोबत बिलकीस, हातात बादली. बादलीत निळीचं पाणी, कपड्यांना घालतात ती नीळ, घट्ट कालवलेली. कारखान्यात कुप्या अशाच तपासायचे म्हणाले. गरम निळीत बुडवायची, तशीच थंड होऊ द्यायची. कुठे केसाएवढी फट असली तरी नीळ आत ओढली जाते.

बारा उघड्या नळ्या बुडवल्या. दोन तास थांबलो. एकीतही नीळ गेली नाही.

मला वाटलं चाचा खूश होतील. ते नळीकडे बघत म्हणाले, "मग पाणी लाल कसं?" नळी खाली ठेवत ते म्हणाले, "फट निळीपेक्षा बारीक असेल. हवा निळीपेक्षा बारीक असते."

बिलकीस म्हणाली, "अब्बा, नाही गळत तर नाही गळत."

"तू लहान आहेस," ते म्हणाले. "बाई शिकलेली आहे. ती उगाच लिहील का?"

झाकलेल्या नळ्या तपासू का विचारलं त्यांनी. मी म्हणालो, कापड सोडायचं नाही असा नियम आहे. नियम पाळला याचं मला बरं वाटलं.

२ एप्रिल

मोखाड्याला जाऊन आलो. बाईंचं चांगलं पत्र फायलीला लागलंय. कारकून म्हणाला, जूनपर्यंत ऑर्डर निघेल. येताना जीपमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती, तरी प्रवास कसा झाला कळलं नाही.

जव्हारला उतरलो तर चाचांचं दुकान बंद. शेजारचा म्हणाला, चार दिवस झाले. रमजानच्या आधी भिवंडीला मुलाकडे जाणार म्हणे, लतीफकडे, कायमचे. दुकान द्यायचं आहे. लतीफ बरीच वर्षं बोलावत होता. म्हातारपणी मुलाकडे गेलेलं बरंच.

४ एप्रिल

बिलकीस शाळेत भेटली. परीक्षा झाली, आता अकरावीचं काय म्हणून विचारलं. म्हणाली, "आता भिवंडीला. तिथे पुढचं शिकवतील की नाही माहीत नाही." मग म्हणाली, "देवजीभाऊ, अब्बा रोज सकाळी दारात बसतात आणि हात उजेडात धरून बघतात. एकदा पालथे, एकदा उताणे. मी विचारलं तर म्हणतात, काही नाही."

मला घंटा द्यायची आहे म्हणालो आणि निघालो. घंटेला अजून वेळ होता.

९ एप्रिल

आज जे झालं ते मला समजलेलं नाही. म्हणून झालं तसं लिहितो.

बाईंनी पाणी ओतायला सांगितलं होतं, ते महिनाभर राहिलंच होतं. तोंडं तोडल्याशिवाय पाणी निघणार नाही. मी चाचांकडे गेलो. वाटलं, शेवटचं काम त्यांनाच द्यावं. ते आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "तोडायच्याच आहेत तर मी बघतो. माझं काम आतून कसं दिसतं ते तरी कळेल."

दुपारी गच्चीवर आले. नळीच्या मानेला कानशीने रेघ मारली, फडकं गुंडाळलं आणि टोक मोडलं.

फुस्स झालं. सोड्याची बाटली उघडताना होतं तसं, पण बारीक. फडक्याचं टोक हललं.

चाचा तसेच थांबले. "ऐकलंस?"

"हो."

"बाहेर आलं."

मी म्हणालो, "काय?"

"देवजी, काच गरम असताना आपण तोंड बंद केलं. थंड झाली की आत ओढ राहते. कुपी मोडली की हवा आत जाते. नेहमी. आठ वर्षांत बाहेर आलेली एक नाही बघितली. आणि फट असती तर ना आत गेली असती ना बाहेर आली असती." त्यांनी दुसरी मोडली. तीही फुस्स. "आत काहीतरी तयार झालंय. आणि ते माझ्या काचेने धरून ठेवलंय."

मग म्हणाले, झाकलेली आण. मी म्हणालो, नियम. ते म्हणाले, "बाईने सगळ्या तोडायला सांगितल्यात ना? मग कसला नियम?"

हे खरं होतं. मी तेरा नंबरचं कापड सोडलं, कागद सोडला.

पाणी पहिल्या दिवसासारखं. स्वच्छ, हिरवट. गाळ नाही, पिवळेपणा नाही. मी आणखी एक सोडली, आणखी एक. बाराच्या बारा तशाच. चाचांनी त्यातली एक मोडली. आवाज आला, पण उलटा, आत ओढल्याचा. मोडलेल्या टोकावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते जरा चिकटलं.

मी म्हणालो, या तडकल्या नाहीत आणि त्या तडकल्या, असं कसं?

चाचा म्हणाले, "कुठलीच तडकली नाही. हात एकच, दिवस एकच, काच एकच. फरक कशाचा आहे?"

मी सगळीकडे बघितलं. ऊन एवढं होतं की गच्चीवर डोळे उघडत नव्हते.

"बाकीच्या तोडायच्या नाहीत, हिरव्या परत कागदात गुंडाळ," ते म्हणाले. मग विचारलं, "लाल कधी झाल्या?"

"वीस फेब्रुवारी."

"एका दिवसात?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "इथेच अडतं. बाईचं म्हणणं बरोबर आहे. ऊन एका दिवसात असं करणार नाही. मग माझ्याच कामात काहीतरी असेल, मला कळत नाही असं." आणि हळूहळू जिना उतरून गेले. उतरताना भिंतीला धरून.

१० एप्रिल

आज सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. चोवीस डिसेंबर. सत्तावीस डिसेंबर. आठ जानेवारी. अकरा फेब्रुवारी.

बाईंचं पत्र शेजारी ठेवलं. "उन्हाने झालं असतं तर हळूहळू, दिवसादिवसाने झालं असतं."

हळूहळूच झालं होतं. दिवसादिवसानेच.

मला हे आधी कसं दिसलं नाही? मीच लिहिलेलं आहे. दोन वह्या होत्या, एकीत खरं, एकीत खोटं, आणि बाईंकडे खोटी गेली. पत्र वाचलं तेव्हा मी फक्त "तुमची चूक नाही" एवढंच वाचलं. की दिसलं होतं आणि मी बघितलं नाही?

जूनमध्ये ऑर्डर निघणार आहे.

११ एप्रिल

सकूला विचारलं, काय करू.

ती म्हणाली, "मना काय इचारतोस? मी तवाच सांगलां होतां."

१२ एप्रिल

गेलो. चाचा दारात बसले होते. घरात सामान बांधायला घेतलं होतं, ब्लोलॅम्प गोणपाटात गुंडाळलेला. मी उभ्याउभ्याच सांगितलं. चोवीस डिसेंबरलाच रंग आला होता. मी लिहिला नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. वीस फेब्रुवारीला पकडला गेलो म्हणून लिहिलं.

बिलकीस आतून आली, दारात उभी राहिली. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी जमिनीकडे बघितलं.

चाचा म्हणाले, "महिना झाला मी हे हात बघतोय."

मी म्हणालो, "चाचा, माफ करा."

"मला वाटलं, गेले. माणसाला कळत नाही म्हणतात, हात जातो तेव्हा. मी लतीफला लिहून टाकलं, मी आता कामाचा राहिलो नाही म्हणून. मुलाला लिहिलं मी ते."

नंतर ते उठून आत गेले. परत येतील म्हणून मी थांबलो. ते आले नाहीत. बिलकीस म्हणाली, "देवजीभाऊ, बाईंना लिहा. आणि तारखा घाला."

१३ एप्रिल

बाईंना लिहिलं. सगळ्या तारखा घातल्या, नळ्यांचे नंबर घातले, झाकलेल्यांचं लिहिलं, फुस्सचंही लिहिलं. हेडसरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तू मला हे सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं. आता मला माहीत आहे." म्हणजे काय ते कळलं नाही. मग दुपारी कळलं. आता माझं नाव कायम करा असं ते साहेबांना सांगू शकणार नाहीत.

२१ एप्रिल

बाई आल्या. आधी गच्चीवर गेल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत. दहा लाल नळ्या आणि अकरा हिरव्या समोरासमोर मांडल्या आणि उन्हात बसून राहिल्या. एक लाल पाण्याखाली मोडली, आलेला वायू उलट्या नळीत धरला, काडी लावली. पट् आवाज झाला. बाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "हायड्रोजन."

मी विचारलं, "बाई, मग तुमचंच खरं ना?"

"खरं असेल. पण सांगू कसं?" आता त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "कुठल्या दिवशी किती, हे सांगता आलं पाहिजे. रजिस्टर सांगतं एक, तुमची वही सांगते दुसरं. सर विचारतील, यातलं कुठलं खरं, आणि दुसरं खोटं असेल तर पहिलं कशावरून नाही? मी काय सांगू, देवजी? मला हे बारा आठवडे रोज हवे होते. ते तुम्ही बघितलेत. मी नाही. पृथ्वीवर कोणीच नाही बघितले, तुम्ही सोडून."

मला रडू आलं. बाईंनी पाणी दिलं. त्या चांगल्या आहेत. त्या चांगल्या नसत्या तर सोपं गेलं असतं.

मग त्या चाचांच्या घरी गेल्या. मी बाहेर उभा होतो. त्यांनी काय माफी मागितली ते ऐकू आलं नाही. चाचांचं एवढंच ऐकलं, "पुढच्या डिसेंबरात किती नळ्या?"

बाई म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस."

आतून गोणपाट सोडल्याचा आवाज आला.

२५ जून

ऑर्डर निघाली. आमच्याच शाळेतल्या वामनच्या नावाने. तो दोन वर्षं आहे फक्त. हेडसरांनी मला रोजंदारीवर ठेवलंय. सकू म्हणाली, "आधी पन तेच होतां."

१० डिसेंबर १९८४

बाई आल्या. या वेळी नळ्या इथेच बंद करायच्या असंच ठरवून आल्या. रजिस्टर बिलकीसकडे दिलंय. ती आता अकरावीला आहे, विज्ञान घेतलंय. बाईंनी तिला नियम सांगितले तेव्हा मी तिथेच स्टो पेटवत होतो. मला वाईट वाटलं. बरोबर आहे हेही समजलं. दोन्ही एकदम वाटलं.

ऊन लोखंडाला नेमकं काय करतं ते बाईंनी परत समजावलं. परत समजलं नाही. विजेचा एक कण सुटतो म्हणाल्या. कुठे जातो? पाण्याकडे. का? तिथे मी थांबवलं.

चाचा माझ्याशी एप्रिलपासून कामापुरतंच बोलतात. आज सतरावी नळी झाल्यावर डोळे चोळत म्हणाले, "ज्योत दोन दिसायला लागली. इकडे ये."

मला वाटलं पाणी पाहिजे. ते सरकले आणि बाकावर जागा केली. हातात एक कोरी नळी दिली. "फिरवत राहा. थांबायचं नाही. काच मऊ झाली की हाताला कळेल. डोळ्याने बघू नको."

मला कळलं नाही. पहिली वाकडी झाली. दुसरी हातात राहिली आणि टोक ज्योतीत पडलं. ते पुढची देत गेले. संध्याकाळपर्यंत सात बंद झाल्या. निळीत बुडवल्या.

चाचांनी एकेक काढून उजेडात धरली आणि माझ्याकडे दिली. "बोल."

"गळते," मी म्हणालो. "गळते. गळते. ही नाही. गळते. ही पण गळते. शेवटची..." मी ती फिरवून फिरवून बघितली. आत तळाशी निळं होतं, अगदी टिपकाभर.

"गळते, चाचा."

"उद्या सकाळी लवकर ये," ते म्हणाले.